मु. पो. कुंडल कोरलेली गिटार

जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचं वय काढणं म्हणजे आमच्या कुंडलातल्या म्हाताऱ्या माणसाचं वय काढण्यासारखंच आहे. कागदावर भरवसा ठेवायचा नाही. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची पडायची. आईचंही तसंच. खरं वय विचारलं की ती सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, आणि पाळणा आपोआप हलला. यातलं पाळण्याचं कुणीतरी पदरचं घातलेलं असावं, पण वर्ष बरोबर निघतं.

नागोयाला नोकरी लागल्यावर मला हा नाद लागला. पोटापाण्याला यंत्रांचा कारखाना, जीव मात्र जुन्या गिटारींच्या दुकानांत. दुकानदार सांगेल ते वर्ष ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. मागची लोखंडी पट्टी काढली की गिटारीची मान सुटते. तिच्या बुडाशी कारागिरानं पेन्सिलीनं तारीख टाकलेली असते, ती वाचायची. मग आत वायरींवरचा डाख मूळचाच आहे की कुणी नंतर हात मारलाय, ते बघायचं. शौकीन लोक याबाबत फार सोवळे असतात. एक स्क्रू बदललेला दिसला तरी नाक मुरडतात.

अशीच एक लाल गिटार मला एका आडगावच्या दुकानात मिळाली. पेन्सिलीची तारीख भूकंपाच्याच वर्षातली, म्हणजे आईच्या बरोबरीची. जपानी कारागिरानं ठोकून ठेवल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

गेल्या दिवाळीत ती गावी आणली, ती विकायला. पुण्यातल्या एका संग्राहकानं फोटो बघून घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच, सगळं जसंच्या तसं हवं. ही गेली की नागोयाच्या दुकानातली एक काळी गिटार माझी होणार होती. तिच्यावर माझा दोन वर्षांपासून डोळा होता, आणि दुकानदार महिनाभर थांबायला तयार झाला होता.

संग्राहकाला पेन्सिलीच्या तारखेचा फोटो हवा होता. मी पट्टी खोलली, फोटो काढला, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून पट्टी आणि चारही स्क्रू एका वाटीत घालून वाटी स्वयंपाकघरात फडताळावर ठेवली. मग मैत्रिणीला भेटायला सांगलीला गेले. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

मामेबहिणीचं लग्न जवळ आलेलं. आईनं आहेराची भांडी आणली होती, आणि त्या दुपारी नाव घालणारा आपलं घरघरतं मशीन घेऊन घरी आला. संध्याकाळी मी परतले तेव्हा पितळेचा डबा, कळशी, सहा ताटं ओळीनं मांडलेली. शेवटी माझी पट्टी. जपानी नंबराच्या खाली माझं नाव, मु. पो. कुंडल, ता. पलूस, आणि त्या दिवसाची तारीख. अक्षर सुरेख होतं, हे कबूल करायला हवं.

मी आईला तोंडाला येईल ते बोलले. तिला शिकवायला निघाले, जगात कुणी असं करत नाही म्हणाले. पुण्याच्या गृहस्थांना मी खरं ते कळवलं, फोटोसकट. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. पट्टी बदलून चालणार नाही, कोरलेली तर नाहीच. काळी गिटार हातची गेली आणि मी ताटावरही बसले नाही.

आई ताट झाकून माझ्याजवळ येऊन बसली. ती चुकलं असं म्हणाली नाही.

"लग्नाकार्यात भांडी धा घरला जात्यात," ती म्हणाली. "नाव असलं की कुठंबी गेलं तरी घरला येतंय. ही तर इमानात बसून फिरती. आन् तुज्यावर काय नाव घालता येत न्हाई, मग तिच्यावर घातलं."

माझा राग तिथंच विरला. खरं तर मला रडू आलं, पण भूकही लागली होती, म्हणून आधी जेवले. मग चार स्क्रू घट्ट पिळून पट्टी जागेवर बसवली.

नागोयाला परतल्यावर लाल गिटार घेऊन त्या दुकानात गेले. काळी दुसऱ्या कुणाकडे गेली होती. दुकानदारानं माझी गिटार उलटी केली, भिंग लावून पट्टीवरची अक्षरं न्याहाळली आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

"हरवली तर कुठं पोचवायचं, ते," मी सांगितलं.

त्याला वाटलं, मी गिटारीबद्दलच बोलतेय.