‘गेली’ म्हणजे कुठे?

किन्हवलीच्या शाळेत मी मराठी शिकवते. शब्दाचा सरळ अर्थ वेगळा आणि ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारा वेगळा, हे मुलांना समजावणं मला आवडायचं.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द सापडेनात. छत्री दाखवली की म्हणायचे, “पाऊस... नको.” नाव गेलं तरी अर्थ शाबूत आहे, याचाच मी आधार धरला होता.

एकदा आई आजारी मावशीला बघायला मुरबाडला गेली. मी शाळेत होते. शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या आणि ओटीवर बसलेल्या वडिलांना त्यांनी विचारलं, “वैनी कुठं हाय?”

“गेली,” वडील म्हणाले आणि रडायला लागले. झटक्यापासून त्यांना कशानेही रडू फुटायचं. काकूंना ते कुठून ठाऊक असणार?

त्यांचा मला फोन आला. “लवकर ये गो. तुझी आय गेली.”

कुठे, कशी, हे मी विचारलंच नाही. घरी पोचले तर अंगणात बायका जमलेल्या. कोणी सांगितलं, म्हटलं, तर सगळ्यांनी वडिलांकडे बोट दाखवलं. मी मावशीला फोन लावला.

“अगं, मघाशीच एसटीत बसली की ती,” मावशी म्हणाली.

काकू अवघडून गेल्या. बायका उठायच्या आतच आई रस्त्याने येताना दिसली. अंगणातली गर्दी बघून ती तिथेच थबकली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

“कवा गेले?” तिने मला विचारलं.

मी तिला हाताला धरून ओटीवर नेलं. वडिलांनी तिचा पदर धरला तो जेवणापर्यंत सोडला नाही. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

नंतर मी वडिलांना शिकवायचा प्रयत्न केला. “बाबा, ‘बाहेर गेली’ म्हणा. ‘येईल’ म्हणा.” ते म्हणायचे; सकाळी पुन्हा कोरे.

मावशीचं दुखणं वाढलंय. आई फोनवरच बोलते. मी रजा घेते, तू जाऊन ये, असं मी कितीदा सांगितलं.

“नको,” ती म्हणते. “मी गेले म्हंजे कुठं गेले, ते त्यांना कळत नाय.”

वडिलांचं त्या दिवशीचं रडणं नुसतं झटक्यामुळे होतं, की आई कायमची गेली असं त्यांना खरंच वाटलं होतं, हे मी त्यांना विचारू शकत नाही. विचारलं, तरी ते कोणत्या शब्दात सांगणार?