दुसऱ्या महिन्याचं गणित

अवसरीच्या कॉलेजात मी गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात आईच्या पोटातल्या बाळाला बोटं कशी फुटतात याची समीकरणं मांडते. हाताच्या कोंबात करंगळीकडच्या कडेला एक रसायन पाझरतं आणि अंगठ्याकडे विरत जातं. पाटाच्या तोंडाशी रान तुडुंब भिजावं आणि टोकाला नुसती ओल लागावी, तसं. कुठे किती पोचलं, किती वेळ राहिलं, त्यावर तिथलं बोट ठरतं. घरी पिंपळवंडीला याला ‘हिचं बोटांचं खूळ’ म्हणत.

मग वहिनीला मुलगा झाला. डाव्या हाताला तीनच बोटं. वहिनीने ग्रहण पाळलं नाही म्हणून, असा माझ्या आईने त्याच दिवशी निकाल लावला. “गिराणात काकडी चिरली हिनं. लई सांगितलं, एका जागी बस म्हनलं. ऐकलं न्हाई.” बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हेच ऐकवायची. वहिनी बाळाचा हात दुपट्यात गुंडाळून आत बसायची. दादा मिठाची गुळणी धरून. माझं डोकंच फिरलं.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आईला समोर बसवलं आणि लॅपटॉपवर कोंब वाढताना दाखवला. “हे बघ. बोटं दुसऱ्या महिन्यातच ठरत्यात. गिराण कवा लागलं? सातव्यात. तवा तिनं काकडी चिरली काय नि भोपळा फोडला काय, बोटांचं काय बिघडत न्हाई.”

“आसं व्हय,” आई म्हणाली. जिंकल्यासारखं वाटलं मला.

वहिनी दारात उभी होती. हळूच म्हणाली, “दुसऱ्या महिन्यात तर आईंनी मला ते दूध पाजलं व्हतं. पोरगा व्हायचं औषध घातल्यालं.”

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुठल्याशा वैदूकडून आईने पुड्या आणल्या होत्या. आई माझ्याकडे वळली.

“त्यानं झालं का गं?”

असल्या पुड्यांत भलतंसलतं असतं, पोटातल्या जिवाला ते बाधू शकतं, एवढं मी वाचलं होतं. पण याच पुडीने हे केलं, असं माझं कुठलंही समीकरण सांगत नाही.

“सांगता येत न्हाई,” मी म्हणाले. खरं तेच बोलले. आईला त्यात होकार ऐकू आला.

आता ग्रहणाचं नाव कोणी काढत नाही. बाळ रांगतंय. आजीच्या पदराला झोंबतं, तशी ती मागे सरकते. “माझा हात नको लागाया,” म्हणते आणि वहिनीला हाक मारते. वहिनी येते, आणि एक शब्द न बोलता त्याला उचलून नेते.