आमच्या व्याह्यांची कंबर

आरामासाठी आमच्या व्याह्यांइतका त्रास सोसलेला माणूस या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, हे मी कुठेही आणि कुणाहीसमोर छातीठोक सांगेन. मी चौथी शिकलेला माणूस. पुढची शाळा ट्रकच्या स्टेअरिंगमागे झाली, आता म्हातारपणी अमेरिकेत मुलाकडे राहतो. पण माणूस ओळखण्यात मी कधी चुकलो नाही, आणि चुकलो असेन तर ते मला मान्य नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुण्याहून तरुणपणी इथे मिशिगनला आले आणि गाड्यांच्या एका कंपनीत सीटा बनवण्याच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी केली. माणूस बसला की त्याला कुठे टोचतं, कुठे रुततं, किती वेळाने तो चुळबुळ करतो, हे शोधण्याचा त्यांना पगार मिळायचा. आता रिटायर झाले, पण ती विद्या गप्प बसेना. ती त्यांच्या स्वतःच्या कमरेवर येऊन बसली. कारण व्याही रीतसर परवाना काढून कमरेला पिस्तूल बाळगायचे, आणि ते दिवसभर बाळगूनही टोचणार नाही अशा होल्स्टरच्या शोधात त्यांनी म्हातारपणाची चांगली वर्षं घालवली.

होल्स्टरला मी म्यान म्हणतो. त्यांना ते आवडायचं नाही. "अहो, तलवार आहे का ती?" म्हणायचे. मी म्हणायचो, "हत्यार ठेवायची पिशवी ती म्यानच." यावर आमचे कित्येक चहा थंड झाले. त्यांच्या ट्रॉय गावातल्या घरी बेडरूममध्ये एक मोठा ड्रॉवर नुसता म्यानांनी भरलेला. चामड्याची, कडक प्लॅस्टिकची, मागून गादी आणि पुढून प्लॅस्टिक अशी मिश्र, खिशातली, खाकेतली, घोट्यावरची. विहीणबाईंच्या साड्यांना त्या घरात तेवढी जागा नव्हती. आणि प्रत्येक म्यान कमरेवर कुठे बसवायचं याचं त्यांचं घड्याळ होतं. पट्ट्याचं बक्कल म्हणजे बारा, उजवी कुशी म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. सकाळी फोन करून मी विचारावं, "व्याही, काय म्हणता?" तर तिकडून उत्तर, "काल चारला होतो, आज एकला आणून बघतोय. पोट आडवं येतंय." आता बोला. माझ्या मुलाने ऐकलं तर त्याला वाटायचं आम्ही गाडीच्या वेळा ठरवतोय.

त्यांच्या परीक्षा मात्र कडक. घरात परीक्षेसाठी त्यांनी निळ्या प्लॅस्टिकचं नकली पिस्तूल आणून ठेवलं होतं, वजनाला अगदी खऱ्यासारखं. खऱ्याशी खेळ नाही, हा त्यांचा नियम आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. नकली कमरेला लावायचं आणि गाडीत बसून सीटबेल्ट ओढायचा. उतरायचं, पुन्हा बसायचं. मग बुटाची नाडी बांधायला वाकायचं. मग देवापुढे साष्टांग नमस्कार, कारण त्यांचं म्हणणं असं की म्यान बनवणाऱ्या अमेरिकन माणसाने आयुष्यात कधी साष्टांग नमस्कार घातलेला नसतो, म्हणून पोटाशी लावायची सगळी म्यानं तिथे नापास होतात. सगळ्यात शेवटी मांडीची परीक्षा. जमिनीवर मांडी घालून वरणभात कालवून खायचा. कडक प्लॅस्टिकचं म्यान इथे बरगडीत घुसायचं आणि व्याही घास हातात धरून डावीकडे कलायचे, हवेत झुकलेल्या माडासारखे. विहीणबाई वाढता वाढता म्हणायच्या, "म्यानं कसली बदलताय? एकदा पोट बदलून बघा."

घोट्यावरच्या म्यानाची गंमत वेगळीच झाली. कंबर मोकळी, पोट मोकळं, व्याही दोन दिवस हवेत होते. पण आपल्या लोकांची रीत त्यांनी हिशेबात धरली नव्हती. नागपूरचा एक विद्यार्थी नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आला आणि सरळ पायाशी वाकला. व्याही उडी मारून मागे सरकले, पण पोराचा हात लागायचा तो लागलाच. बिचारा घाबरून म्हणाला, "काका, सॉरी! पायाला फ्रॅक्चर आहे का?" नशीब, आत निळं नकली होतं. व्याह्यांना दुसरं काही सुचेना, म्हणाले, "हो ना, यार. घसरलो." मग काय, सबंध संध्याकाळ लंगडणं आलं. पोराने बाहेर जाऊन चार घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकू डबे घेऊन येऊ लागल्या, कुणी सूप, कुणी डिंकाचे लाडू. व्याही सबंध आठवडा लंगडले आणि त्या आठवड्यात त्यांचं वजन इतकं वाढलं की एक वाजताची सगळी म्यानं कायमची बाद झाली.

मग पोटपट्टा आला. रुंद, ताणणारा, बंडीच्या आत गुंडाळायचा आणि वेल्क्रोच्या काटेरी पट्टीने चिकटवायचा. मऊ होता, पण उन्हाळ्यात आत नुसता घाम. मंडळातले एक जुने गृहस्थ वारले, त्यांच्या शोकसभेत सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे असताना व्याह्यांचं पोट सैल पडलं आणि ती पट्टी चर्रर्र करून सुटली. पिस्तूल गाडीतल्या पेटीत होतं, अंगावर रिकामा पट्टाच होता, पण आवाज भरल्या पट्ट्याचा असो की रिकाम्या, तेवढाच. पहिल्या रांगेतल्या आजींनी डोळे न उघडता म्हटलं, "कुणाचं तरी धोतर फाटलं." सभेत धोतर नेसलेला मी एकटा होतो. खाकेतलं म्यान त्यांनी वापरलं तेव्हा ते लपवायला भर जुलैच्या पिकनिकला कोट घालून आले आणि मक्याची कणसं भाजत उभे राहिले. तीन डॉक्टरांनी येऊन त्यांची नाडी बघितली.

मलाही त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, "एका माणसावर केलेली परीक्षा खोटी असते. दुसरा देह पाहिजे." मी एरवी घरात पायजमा घालणारा माणूस. त्यांनी नकली पिस्तुलासकट एक म्यान माझ्या पायजम्याला अडकवलं आणि म्हणाले, "चाला." मी चाललो. दोन पावलांत नाडीने राजीनामा दिला, आणि ते निळं पिस्तूल पायजम्याच्या आतून घरंगळत माझ्या पावलावर येऊन पडलं, तेही विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन आत येत असताना. त्यांनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?" त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं ते पिस्तूल पायावर पडून लागलं नाही. व्याही मात्र खूश. "बघा, म्यानापेक्षा पट्टा महत्त्वाचा. पट्टा ताठ पाहिजे," असं म्हणत ते पुढच्या खरेदीला लागले.

हसण्यावारी नेऊ नये असं यात काय होतं, ते मला विहीणबाईंनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी दोघं पेट्रोल भरायला थांबले होते. व्याही बाहेर नळ धरून उभे, विहीणबाई गाडीत. एक माणूस आला, त्याने दार उघडलं, विहीणबाईंच्या मानेला धरून पर्स हिसकावली आणि चालता झाला. पळाला नाही, चालत गेला. आणि व्याही पंपाचा नळ हातात धरून तसेच उभे राहिले. पेट्रोल भरून झाल्याचा खटका वाजला तेव्हा ते भानावर आले. विहीणबाई म्हणाल्या, "माझी पर्स गेली, माझं काही गेलं नाही हो. यांचं काय गेलं ते मात्र हे कुणाला सांगत नाहीत." पुढच्याच महिन्यात त्यांनी परवान्याच्या वर्गाला नाव घातलं.

मला हे पिस्तूल पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही घाटात ट्रक लावून झोपायचात तेव्हा उशाला काय ठेवायचात?" मी म्हटलं, "टॉमी." लोखंडी पहार असते ती, चाक खोलायची. म्हणाले, "मग तुमची टॉमी आणि माझं पिस्तूल यात फरक काय?" मी म्हटलं, "माझी टॉमी सगळ्यांना दिसायची. तुमचं सगळं आयुष्य ते लपवण्यात चाललंय." यावर ते चिडले, मीही चिडलो, आणि आम्ही काही दिवस बोललो नाही. चूक त्यांचीच होती.

माझी सून मात्र बापाची लेक. तिने वाद घातलाच नाही, अट घातली. "बाबा, तुमच्या घरी काय करायचं ते करा. पण ते माझ्या घरात येणार नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवसापासून ओवी तुमच्याकडे राहायला येणार नाही. आय मीन इट." ओवी म्हणजे आमची दोघांची एकुलती एक नात. शुक्रवारी शाळा सुटली की ती आजोबांकडे जायची आणि रविवारी दुपारी जेवायला सगळे आमच्याकडे यायचे. व्याह्यांचा सगळा आठवडा त्या शुक्रवारकडे तोंड करून चालायचा. म्हणून ती दोन दिवस आली की पिस्तूल कपाटातल्या तिजोरीत, आणि तिला सोडायला निघाले की कमरेला. आमच्या दारात गाडी लागली की ओवी आणि विहीणबाई आधी आत यायच्या, व्याही मागे थांबून ते काढायचे, सीटखालच्या पोलादी पेटीत ठेवायचे, कुलूप लावायचे आणि मग दोन्ही हात हलवत आत यायचे. माझा वाद असेल त्यांच्याशी, पण हे काम त्यांनी कधी चुकवलं नाही.

आणि मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं लॉटरी लागली. "सापडलं! चारला बसतं, मागे मऊ चामडं, पुढे कडक. सीटबेल्ट पास, साष्टांग पास, मांडी पास. व्याही, अंगावर आहे हे कळतच नाही!" मी म्हटलं, "अभिनंदन." मनापासून म्हटलं. कुणीही इतकी वर्षं एका गोष्टीमागे लागलं की त्याला ती मिळावी असं वाटतं.

त्या रविवारी ते आले. सून थालीपीठं लावत होती, मुलगा काही आणायला दुकानात गेला होता, विहीणबाई वर फोनवर बोलत होत्या. व्याही माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, अगदी ताठ, आणि नव्या म्यानाचं वर्णन करू लागले. ओवी मागून धावत आली, त्यांच्या गळ्यात हात टाकून पाठीवर चढली आणि थांबली. "आजोबा, व्हॉट्स धिस? तुमच्या पाठीला काहीतरी हार्ड आहे."

व्याह्यांचा हात मागे गेला, तिथेच राहिला. ते विसरले होते. पेटी, कुलूप, सगळं. अंगावर आहे हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मी ओवीला उचललं आणि माझ्या मांडीवर घेतलं. हळू आवाजात म्हटलं, "व्याही, उठा. गाडीत ठेवून या. मी काही बघितलं नाही." स्वयंपाकघरात तवा चुरचुरत होता. सुनेला काही ऐकू गेलं नव्हतं.

ते उठले, बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होतो. पेटीचं कुलूप त्यांनी पुन्हा पुन्हा ओढून बघितलं. आत आले ते माझ्याकडे न येता सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बेटा, मी आज ते घेऊन आत आलो होतो. ओवीचा हात लागला त्याला. आता गाडीत ठेवलंय."

सुनेने गॅस बंद केला. वळली नाही. "विसरलात?"

"हो."

"बाबा, तुम्ही कधी विसरत नाही."

"आज विसरलो. म्यान पास झालं, मी नापास झालो."

तिने उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

"तू काही करायचं नाहीस. अट तुझी आहे, ती मोडू नकोस. माझं मी बघतो. जी वस्तू अंगावर आहे हे मला कळत नाही, ती बाळगायला मी लायक नाही."

थालीपीठ त्या दिवशी कुणाला गोड लागलं नाही. ते निघाले तेव्हा मी गाडीपर्यंत गेलो. माझ्या तोंडून निघालं ते मलाच नवीन होतं. म्हटलं, "अहो, एवढं काय? जुनं टोचणारं लावा की परत. टोचत राहील, लक्षात राहील." ते हसले. म्हणाले, "सीटांचा माणूस आहे मी. सवय झाली की तेही टोचायचं थांबतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिस्तूल जिथून घेतलं होतं त्या दुकानात परत नेऊन दिलं. म्यानं कुणाला दिली ते मी विचारलं नाही. ड्रॉवरमध्ये आता विहीणबाईंच्या साड्या आहेत. सुनेने मात्र आपली अट पाळली. कित्येक शुक्रवार ओवी त्यांच्याकडे गेली नाही. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, एकदाही "आता तरी पाठव" म्हटलं नाही. मग एका शुक्रवारी सुनेने स्वतःच पोरीची बॅग भरली, आजोबांच्या दारात नेऊन सोडली आणि गाडीतून न उतरता निघून आली. रडत होती, असं मुलगा म्हणाला.

परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर ओवी त्यांच्या मांडीवर झोपून गेली. पोर आता मोठी झाली आहे, पाय मांडीबाहेर लोंबत होते. मी म्हटलं, "उचलून ठेवू का सोफ्यावर? तुमच्या पायाला मुंग्या आल्या असतील." म्हणाले, "पाय केव्हाच मेलाय. असू द्या." तेवढ्यात रस्त्यावर एक अनोळखी गाडी येऊन थांबली, दार आपटल्याचा आवाज झाला. कुणीतरी शेजारी आलं असेल. पण मी व्याह्यांचे डोळे बघितले. ते पुढच्या दारावर खिळले होते, आणि दोन्ही हात पोरीच्या अंगावर पसरलेले. उठता येत नव्हतं, आणि उठून करायलाही हातात काही नव्हतं.

मी उठलो. दाराशेजारची खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसलो. बऱ्याच वेळाने मागे वळून बघितलं, तर व्याह्यांनाही झोप लागली होती.