डोळे मिटून ओळखलेली किल्ली

त्या जादूगारावर मी पहिल्याच दिवशी चिडले, तेही एका लिंबावरून. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी जेवणघर सांभाळते. रविवार होता, दुपारी ऐंशी माणसांची पार्टी यायची होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड झालेला. तेवढ्यात मालकानं रविवारच्या पाहुण्यांसाठी नवीनच ठेवलेले, काळा कोट घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, हातातली ती चिठ्ठी द्या जरा." भाजीची यादी होती, खाली माझी सही. त्यांनी तिची घडी केली, मुठीत धरली, मूठ उघडली तर रिकामी. मग माझ्याच टोपलीतलं एक लिंबू उचलून म्हणाले, "कापा." कापलं. आत चिठ्ठी, रसानं चिंब, सही माझीच.

आचारी टाळ्या पिटायला लागले. मी म्हटलं, "लिंबं मोजून आणलीत. ही थेरं बाहेर करा." ते मनापासून हसले. "ही बाई लवकर फसायची नाही," म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझीच पाठ धरली. दर रविवारी पाहुण्यांच्या आधी एक खेळ मला दाखवायचे. मी भुवई वर केली तर तो खेळ टेबलांवर न्यायचे, नाक मुरडलं तर पिशवीत परत.

एके काळी त्यांचा मोठा तंबू होता. ट्रकभर सामान, गावोगाव मुक्काम, स्टेजवर बाई तरंगवायचे. तंबू गेला, सामान गेलं, आणि ते जवळच्या कुरवंड्याला बायकोच्या माहेरी येऊन राहिले. गाव घरजावई म्हणून चिडवायचं. राहिले होते फक्त दोन हात. पण हात काय, बाई गं! तुमच्या नाकापुढं एक रुपया चार बोटांवरून चालत जायचा आणि पाचव्यापाशी नाहीसा व्हायचा. मी त्यांना काका म्हणायला लागले.

तंबूतला एकच मोठा खेळ त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. दोन्ही डोळ्यांवर ओल्या कणकेचे गोळे थापायचे, वर कापूस, वर काळी पट्टी. मग पाहुण्यांनी जे समोर धरलं ते ओळखायचं. कंगवा, गाडीची किल्ली, लायसन्स, लायसन्सवरचा नंबरसुद्धा. कणीक माझ्या स्वयंपाकघरातली. ती किती सैल हवी हे त्यांनी मला शिकवलं, आणि एका निवांत मंगळवारी का सैल हवी तेही. आता सांगून टाकते, कुणाचं काय बिघडायचं राहिलंय? पट्टी बांधताना भुवया वर ताणून धरायच्या. मग सोडल्या की नाकाच्या कडेला खाली बारीकशी फट राहते. मान किंचित मागं टाकली की तेवढ्यातून सगळं दिसतं.

शपथ वगैरे त्यांनी घातली नाही. एवढंच म्हणाले, "आता तू आमच्यातली." माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! उभ्या जन्मात मला कुणी कशातलं म्हटलं नव्हतं. वडिवळ्याला माहेरी मी सासरची, सासरी मी वडिवळ्याची. इथं एक कसबी माणूस मला आपल्यातली म्हणत होता. त्या एका वाक्यापायी माझी अक्कल गहाण पडली.

मग त्यांच्या हातून रुपया पडायला लागला. पहिल्यांदा पडला तेव्हा त्यांनी तो पायानं उडवून झेलला आणि सगळे हसले. दुसऱ्यांदा मी हसले नाही. हळूहळू त्यांनी रुपया बंद केला, पत्ते आणले. मग पत्तेही गेले, मोठाले रुमाल आले. डावा हात नुसता ग्लास धरून उभा राहायचा आणि काम सगळं उजवा करायचा. लोकांना कुठं कळतंय? लोकांचं लक्ष दुसरीकडं न्यायचं हाच तर त्यांचा धंदा.

घरात मात्र ते खपेना. एके दिवशी त्यांची बायको कुरवंड्याहून रिक्षानं हॉटेलात आली. तिला मी मावशी म्हणायचे. गवळणीसारखी ठणठणीत बाई, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. "सदऱ्याची बटनं लावता येईनात बग त्यास्नी," म्हणाली. "मी लावते. कुनाला सांगू नको म्हनत्यात. तू घिऊन जा डागदराकडं. माजं ऐकत न्हाईत, तुजं ऐकत्यात. आन आत बस संगं. काय म्हनतोय त्यो मला नीट सांग."

मी नेलं. डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते. हातोडीनं ठोकून पाहिलं, मान वळवून पाहिली. मग म्हणाले, "काका, डोळे मिटा. डाव्या हातात वस्तू ठेवतो. चाचपून सांगा काय आहे." काकांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी तळव्यावर किल्ली ठेवली.

"किल्ली," काका म्हणाले.

मग रुपया. मग सदऱ्याचं बटण. मग पेनाचं टोपण. चारही बरोबर. मी समोरच्या खुर्चीत बसले होते. पापण्या मिटल्यासारख्या, खाली केसाएवढी फट, आणि मान किंचित मागं टाकलेली. कणकेच्या खेळातली तीच मान. बटणं लावता न येणारी ती बोटं वस्तूवर नुसती फिरत होती, दिखाव्यापुरती.

"छान," डॉक्टर म्हणाले. "संवेदना शाबूत आहे. ती गेली असती ना, तर आजच्या आज मानेच्या फोटोसाठी पुण्याला पाठवलं असतं." त्यांनी कागदावर तसं लिहिलं, गोळ्या लिहिल्या, मानेचे व्यायाम सांगितले. आणि हा माणूस, अहो, जाता जाता डॉक्टरांच्या कानामागून त्यांचंच पेन काढून हातात देतो! डॉक्टर खूश. मी मूग गिळून गप्प. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? "ते बघताहेत," दोन शब्द. पण टेबलावर खेळ चालू असताना आपल्यातल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं, हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं की मला दवाखाना आणि टेबल यातला फरकच कळला नाही.

रिक्षात मात्र मी त्यांना फाडून खाल्लं. "काका, लाज नाही वाटत? फसवायला डॉक्टरच सापडला?"

ते बाहेर बघत राहिले. "पुण्याला पाठवतील. मान फाडतील. मग हात राहतो की जातो कुणाला ठाऊक? हा सीझन होऊ दे. दिवाळी झाली की तू म्हणशील तिथं येतो."

"नक्की?"

"तुला फसवीन का मी?"

आणि मी, लिंबं मोजणारी शहाणी, विश्वास ठेवला. कुरवंड्याला मावशी उंबऱ्यातच उभी होती. "काय म्हनला डागदर?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नॉर्मल आहे म्हणाले." तिनं तिथल्या तिथं देवाला हात जोडले. मला बळंच जेवायला बसवलं.

दिवाळी आलीच नाही आमच्यासाठी. त्याआधीच काका न्हाणीघरात पडले. पायच लुळे पडले होते. पुण्याला ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर मावशीला समजावून म्हणाले, मानेतली मज्जातंतूंची दोरी फार दिवस चेपलेली होती. आणखी जाऊ नये म्हणून केलंय, गेलेलं परत येणार नाही. सहा महिने आधी आले असते तर हात वाचले असते. मग त्यांनी लोणावळ्याचा कागद उलटापालटा केला आणि स्वतःशीच म्हणाले, "हे इथं नॉर्मल कसं लिहिलंय?"

ते वाक्य मावशीनं ऐकलं. तिनं काकांना घरी आणलं, खाटेवर ठेवलं, आठ दिवस गेले. मी गेले तेव्हा ती त्यांना भात भरवत होती. त्यांचे दोन्ही हात चादरीवर होते, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखे. ती घास थांबवून म्हणाली, "तू आत बसली व्हतीस. त्या डागदरानं काय बगितलं आन नॉर्मल कसं लिवलं?"

मी काकांकडं पाहिलं. त्यांचं तोंड चांगलं चालत होतं, बोलू शकत होते. ते माझ्याकडं बघून अगदी बारीक मान हलवत होते. नको म्हणून.

पण मला आता सहन होईना. रडतच मी सगळं सांगितलं. डोळे मिटायला सांगितले होते, यांनी मिटले नव्हते. कणकेच्या खेळात बघतात तसंच खालून बघत होते. मला दिसत होतं, मी बोलले नाही. मावशी, मला मार, काहीही कर.

ती मला मारेल, निदान शिव्या घालेल असं मला वाटलं होतं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. काकांकडं बघत होती.

"म्हंजी पट्टी बांदल्यावर दिसायचं तुमास्नी?"

काकांनी नजर चादरीवरच्या हातांकडं नेली.

"मी समद्या गावाला सांगत आले," ती म्हणाली. "देवाचं देनं हाय म्हनून. तुमच्या खेळाच्या दिशी मी कदी जेवले न्हाई. येवढी वर्सं. आन ही पोरगी कनीक मळत व्हती व्हय?"

काकांनी डोळे मिटले. "हिनं डॉक्टरला सांगायला हवं होतं," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता. "तुला नको." मग म्हणाले, "मला भिंतीकडं वळव."

मी उठायला लागले तर मावशीनं हातानंच मला थांबवलं. तिनं भाताची थाळी खाली ठेवली, त्यांच्या पाठीखाली दोन्ही हात घातले आणि त्यांना भिंतीकडं वळवलं. मागं उशी लावली. चादर नीट केली. मग थाळी उचलून आत जाता जाता म्हणाली, "तू ये आता."

आमच्याकडं निरोप देताना 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. मला ते कळतं. मी चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. तिचा निरोप पुन्हा आला नाही, आणि माझा पाय पुन्हा तिकडं वळला नाही.