पस्तिशीतला मोतीबिंदू

“बाई, वडिलांना नीट धरा, पुढे पायरी आहे,” आमची सिस्टर म्हणाली.

“वडील न्हाई, भाऊ हाय. माझ्याहून लहान हाय,” बाई ताडकन म्हणाली.

मी मान वर करून पाहिलं. हिंगोलीत डोळ्यांचं हॉस्पिटल चालवताना मोतीबिंदू माझ्या रोजच्या पाहण्यातला. डोळ्यातली पारदर्शक लेन्स वयानुसार गढूळ होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. समोरचा पेशंट पासष्टीचा वाटत होता. केस पांढरेशुभ्र, कातडी हाडाला चिकटलेली, आवाज बारीक आणि चिरका. केसपेपरवर वय मात्र पस्तीस.

“वय बरोबर लिहिलंय ना?”

“बराबर हाय मॅडम. एसटीत कंडक्टर न इचारताच हाफ तिकीट फाडते. मीच म्हणतो, बापा, फुल दे,” तो हसत म्हणाला.

त्याचं नाव गजानन. साखऱ्याला कोरडवाहू शेती. बहीण कौशल्या हिंगोलीत दिलेली. त्याला दोन वर्षांपासून दिसेनासं झालं होतं. गावात कोणी म्हणे काळजीनं पिकला, कोणी म्हणे करणी. कौशल्यानं सगळ्यांना झटकून टाकलं आणि भावाला हाताला धरून माझ्याकडे आणलं.

एवढ्या कमी वयात दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला, की आम्ही कारण शोधतो. मार लागला नव्हता. शुगर वाढलेली होती, पण तेवढ्यानं माणूस असा दिसत नाही. केस विशीतच पिकले होते. उंची शाळेत असतानाच थांबली होती. घोट्याजवळची जखम भरतच नव्हती.

“आईवडील नात्यातले होते का?” मी विचारलं.

“व्हय. बापानं मामाचीच पोरगी केली,” कौशल्या म्हणाली. “काहून?”

कारण सांगण्याआधी मी त्याचं रक्त मोठ्या शहरातल्या जनुकांच्या लॅबला पाठवलं.

आपल्या शरीरातल्या पेशी सतत दुभंगून नव्या होत असतात. दर वेळी आतल्या डीएनएच्या धाग्याची नक्कल होते. त्यात चुका होतात, त्या दुरुस्त करणारी प्रथिनंही पेशीत असतात. शिवाय धाग्याचं टोक दर खेपेला थोडं झिजतं, जसं वापरून वापरून दाव्याचं टोक उसवत जातं. फार झिजलं की पेशी दुभंगणं थांबवते. म्हातारपण येतं त्यामागचं हे एक मोठं कारण. तुमच्या-माझ्यात हे सावकाश चालतं. गजाननच्या शरीरात दुरुस्ती करणारं एक प्रथिन तयारच होत नसावं, त्यामुळे सगळं घाईनं चाललं असावं, अशी माझी शंका होती.

रिपोर्ट येईपर्यंत एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. जखमा भरत नाहीत म्हणून छेद होईल तितका लहान ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तो बहिणीकडे बघतच राहिला.

“ताई, तू तर तशीच हाय गं,” तो म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला. मी उगाचच ड्रॉप कसे टाकायचे ते पुन्हा सांगितलं.

रिपोर्ट आला, शंका खरी निघाली. कौशल्या औषधं आणायला गेली तेव्हा मी गजाननला समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी भागतं. दोन्ही बिघडल्या तरच हा आजार होतो. नात्यातल्या नात्यात लग्न झालं, की अशा दोन प्रती एकत्र यायची भीती वाढते.

“माझ्या पोरीला हुईल का?”

“नाही होणार. तुमच्याकडून तिला एक बिघडलेली प्रत आलीय, पण बायको नात्यातली नाही ना?”

“न्हाई, वारंगा फाट्याची हाय.” त्याचा चेहरा क्षणभर उजळला, लगेच पडला. “पण मॅडम, बारशालाच ताईनं पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं, ही माझी सून. समद्या पाव्हण्यांसमोर.”

त्यांच्याकडे असा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती बिघडलेली प्रत कौशल्यातही लपलेली असू शकते, म्हणजे तिच्या मुलातही. हे लग्न झालं तर गजाननचा आजार नातवंडाला होऊ शकतो.

“तुमीच सांगा तिला,” तो हात जोडून म्हणाला. “मी बोललो तर म्हणल, नजर आली आन भाऊ फिरला.”

ती परत आल्यावर मी तिला कागदावर चार्ट काढून सगळं समजावलं. चार्ट उत्तम होता. “तुमची टेस्ट करू, चांगली आली तर या आजाराची भीती उरणार नाही,” असंही म्हणाले. ती औषधांची पिशवी घेऊन उठली आणि बाहेर गेली. गजानन माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी त्याचा डोळा काढून घेतलाय.

पुढच्या तपासणीला ती येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली, भावाला घेऊनच.

“टेस्ट करायची का?” मी चाचरत विचारलं.

“नको. वाईट निघाली त माय-बापाला बोल लावीन. ते बिचारे गेले वर.”

“मग सोयरीक?”

“मोडली. समद्यांसमोर घेतला व्हता शब्द, समद्यांसमोरच वापस देला.” तिनं भावाच्या डोळ्यात ड्रॉप टाकला, गालावर ओघळलेला थेंब पुसला. “पोरगी माझीच हाय मॅडम. तिला घरी न्यायला लगीनच लागते का?”

गजानन डोळा मिटून पडून होता. डोळ्यातून येत होतं ते सगळंच काही ड्रॉपचं नव्हतं.

चार्ट मी अजूनही काढते, पण नंतर. आधी विचारून घेते, घरात कोणी कोणाला शब्द दिलाय.