काट्याची वायर

माझ्या रांगत्या पोरीनं वायरींच्या डब्यातली एक वायर उपसली आन् मी झाडू टाकून धावले! इंदापूरकडं उसाच्या वजनकाट्यावर मी पोरीला संगं घिऊन हपीस झाडायची. घाईत ती वायर शेजारच्या मोकळ्या भोकात खुपसली, तर काट्याचा कॉम्प्युटर बंदच. भाईर बैलगाड्या तटल्या. आता कामावरनं काढत्यात म्हणून मी दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरवाल्या सायबाला रडत सगळं सांगितलं. त्यो म्हणाला, “ताई, डबा एकच, पण सेटिंग करून आत कप्पे पाडलेत. ही भोकं हिशेबाची, ती काट्याची.” “म्हंजी एकाच रानात वाघरीची जाळी लावून दोघांची मेंढरं येगळी बसवत्यात, तसं?” “व्हय, आन् तुमी मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घातलं!” हसत त्यानं वायर काट्याच्या भोकात घातली, काटा चालू झाला. तेवढ्यात म्यानेजर ओरडत आला, “कुणी हात लावला?” “मीच,” सायब म्हणाला. पोरगी आता शाळंत जाती, तरी ते मनातनं जात न्हाय. माझी चूक त्यानं अंगावर घेतली, आन् मी ती घिऊ दिली. तुमी काय केलं असतं?