वहिनीचा कॉम्प्युटर आणि दादाचं टेबल

माझा दादा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. त्याला फक्त घरातली वस्तू वापरात आहे असं दिसलेलं खपत नाही. त्याच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचा झगा असतो, सोफ्यावर चादर असते आणि त्या चादरीवर आणखी एक चादर. वहिनीचा कॉम्प्युटर उघड्यावर दिसू नये म्हणून त्यानं सुताराला घरी बसवून टेबल करून घेतलं. मॉनिटर वर, आणि सीपीयूचा तो काळा डबा खाली एका बंद कप्प्यात, चकचकीत पॉलिश केलेल्या दाराआड. आल्यागेल्याला तो आधी ते दार दाखवायचा आणि मग वहिनीची ओळख करून द्यायचा.

ही वहिनी लग्नाआधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाच लागत नसे, तिला लागायचं. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं नोकरी सोडली. तात्पुरती, असं ठरलं होतं. आई गेली, पण तोवर लॅबमधल्या तिच्या खुर्चीवर दुसरी कुणी बसली होती. मग तिला एका एजन्सीचं काम कळलं. डॉक्टर बोलून ठेवतात, ते हेडफोनवर ऐकून रिपोर्ट लिहायचा, घरबसल्या. त्यासाठी परीक्षा होती, तीही घरूनच, कॅमेरा चालू ठेवून. मध्येच बाहेर पडलात की बाद. आणि संधी दोनच.

पहिल्या वेळी दादानं खोली आवरली. कॅमेऱ्यात घर दिसणार ना! वायरी टेबलामागे कोंबल्या, कप्प्याचं दार घट्ट लावलं, वर फडकंही फिरवलं. वहिनी पेपरच्या अर्ध्यावर आली आणि स्क्रीन काळा झाला. मग मशीन आपलं आपणच पुन्हा सुरू झालं, काही घडलंच नाही अशा थाटात. परीक्षा गेली.

"काय दाबलंस?" दादानं विचारलं.

"काही नाही. टाइप करत होते."

"काहीतरी दाबलं असणार. मशीन काय आपोआप बंद होतं?"

होत होतं! गेले कित्येक महिने ती बिचारी हेच सांगत होती. त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं, "तू फार भराभर टाइप करतेस, झेपत नाही त्याला." हे तो गंभीरपणे म्हणायचा. मला तर त्या रिमोटचा झगा काढून त्याच्या तोंडावर चढवावासा वाटायचा.

मेकॅनिक आला. त्यानं डबा कप्प्यातून ओढून खोलीच्या मधोमध ठेवला, झाकण काढलं, धूळ उडवली, आतल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. दुपारभर मशीन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. "ताई, एकदम ओके आहे," म्हणाला, डबा परत आत सरकवला आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा तो आला. म्हणाला, फॉरमॅट मारू. मारलाही, आणि मग विचारतो, "ताई, यात काही महत्त्वाचं होतं का?" वहिनीच्या सरावाच्या सगळ्या फाइली होत्या. तिसऱ्यांदा त्यानं पॉवर सप्लाय बदलला. त्याच्यासमोर मशीन गरीब गाईसारखं चालायचं. शेवटी तो दादाकडे बघून हसला आणि म्हणाला, "वापरणाऱ्यावरही असतं, साहेब."

आणि दादानं मान डोलावली. मी हातातला कप जोरात आपटला. वहिनीचा चेहरा लाल झाला होता.

दुसरी परीक्षा तोंडावर आली. वहिनी सराव करत होती, मी शेजारी भाजी निवडत बसले होते. दादानं जाता जाता सवयीनं कप्प्याचं दार पायानं लोटलं आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं स्क्रीन काळा. वहिनीनं हेडफोन काढून फेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी लाथ मारली. त्या दाराला. दार दणकन उघडलं आणि उकळत्या पातेल्याचं झाकण काढावं तशी गरम हवा तिच्या नडगीवर आली.

तिनं आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, भट्टी झालीये आत," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तो मेकॅनिक येतो तेव्हा डबा बाहेर असतो. हवा खेळते. म्हणून तेव्हा बंद पडत नाही. आपण आत कोंडतो आणि दार लावतो." मला हसू आलं. तिला आलं नाही.

ती उठली, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि बिजागऱ्या सोडवायला बसली. शेवटचा स्क्रू निघत होता तेवढ्यात दादा परत आला.

"अगं अगं! पॉलिश जाईल त्याचं!"

"जाऊ दे."

"आणि कॅमेऱ्यात त्या वायरी दिसतील, त्याचं काय?"

"दिसू देत. त्यांना माझं टायपिंग बघायचंय, तुमचं फर्निचर नाही." इतक्या वर्षांत ती त्याच्याशी या आवाजात बोलली नव्हती. दादा दार छातीशी धरून आतल्या खोलीत गेला.

परीक्षेच्या दिवशी मशीन एकदाही अडखळलं नाही. त्याच आठवड्यात निकाल लागला. पास. मी धावत त्यांच्याकडे गेले, तर दादा फोनवर आत्याला सांगत होता, "हो ना, तिच्या मशीनमध्ये जरा बिघाड होता. मी मेकॅनिकच्या मागे लागून नीट करून घेतला, म्हणून जमलं तिला."

वहिनी टेबलावरून उठली. त्याच्या हातातून फोन घेतला.

"आत्या, मशीन पहिल्यापासून ठणठणीत होतं. ह्यांनी त्याला दाराआड कोंडलं होतं. मी बोंबलून सांगत होते आणि हे मला विचारत होते, तू काय दाबलंस. ठेवते आता. मला काम आलंय."